बराकी राहिल्या, पलटणी गेल्या

सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रज माणसाला बराकीचा मोठा धसका होता. शांततेच्या काळातही राजानं पदरी फौज बाळगली तर एक दिवस तो ती आपल्याच अंगावर सोडेल, असं तिथल्या पार्लमेंटला वाटायचं. म्हणून १६९९ मध्ये कायदा करून इंग्लंडात फक्त सात हजार सैनिक ठेवायचे असं ठरलं. आयर्लंडात मात्र बारा हजार ठेवायला कुणाची हरकत नव्हती, आणि त्यांचा खर्चही आयर्लंडच्याच तिजोरीतून भागवायचा होता. इंग्लंडच्या राज्याला लागणारी फौज अशी समुद्रापलीकडे ठेवली गेली, आणि तिला राहायला जागा हवी म्हणून गावोगाव बराकी उभ्या राहिल्या. यातली सगळ्यात भव्य बराक डब्लिनमध्ये, लिफी नदीच्या उत्तर काठावर. ट्रिनिटी कॉलेजचं जुनं ग्रंथालय ज्यानं बांधलं त्याच थॉमस बर्गनं १७०२ च्या सुमारास तिचं काम सुरू केलं. पुढे तिला रॉयल बराक म्हणू लागले. आज तिचं नाव कॉलिन्स बराक आहे.

मुलीकडे डब्लिनला राहायला आल्यापासून मी इथं वारंवार येते. १९९७ पासून इथं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि चौकात कमानींच्या सावलीला हवा तितका वेळ बसता येतं. चारी बाजूंना करड्या दगडाच्या इमारती, मध्ये कवायतीचं मोकळं मैदान. भिंतीवर पावलं मोजण्याचे आकडे अजून दिसतात. आलेला प्रत्येक रंगरूट याच भिंतीच्या कडेनं चालायला शिकला असणार. १७९८ च्या ब्रिटिशविरोधी उठावात पकडलेला आयरिश पुढारी वुल्फ टोन याच बराकीच्या कोठडीत मेला. समोर नदीच्या बाजूला हिरवळीचा एक पट्टा आहे. त्या उठावातल्या बंडखोरांची प्रेतं तिथं पुरली असं मानतात. म्हणजे बराक ज्यांच्यावर वचक ठेवायला बांधली, त्यांचं स्मारक आज तिच्या दारात आहे, आणि तिच्या आतही त्यांच्याच स्वातंत्र्ययुद्धाच्या वस्तू मांडल्या आहेत. हे योग्यच झालं. पण या भिंतींच्या आत दोनशे वर्षांहून जास्त काळ जे राहिले, त्यांतही आयरिश माणसं भरपूर होती. त्यांचं काय करायचं हा प्रश्न या देशाला फार जड गेला, आणि मी खडकीची असल्यामुळे मलाही तो सोपा वाटत नाही. खडकीचा इथं काय संबंध, ते पुढे येईलच.

आधी ही माणसं फौजेत का गेली ते पाहायला हवं. देशात बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांनी शस्त्र बाळगायचं नाही, असा कायदा आयर्लंडात होता. लढायांना माणसं कमी पडू लागली तसे हे नियम आधी कानाआड झाले, मग सैल केले गेले. त्यानंतर जो लोंढा सुरू झाला तो थांबलाच नाही. १८३० मध्ये ब्रिटिश फौजेतल्या दर शंभर सैनिकांमागे बेचाळीस आयरिश होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेसाठी १८२५ ते १८५० या काळात जे गोरे रंगरूट भरती झाले, त्यांतले जवळजवळ निम्मे आयरिश. राजावरच्या प्रेमापोटी त्यांतला क्वचितच कुणी गेला असेल. बटाट्याच्या एका शेतावर आठ तोंडं, खंड थकलेला, आणि बाजाराच्या दिवशी गावात ढोल वाजवत आलेला सार्जंट. त्याच्या हातून राजाचा शिलिंग घेतला की जेवण, बूट आणि डोक्यावर छप्पर, तिन्ही मिळायचं. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या कित्येक घरांनी हाच हिशेब मांडून पोरं पलटणीत धाडली. तिथल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

गावंही बराकीसाठी आसुसलेली असायची. कॉर्क परगण्यातलं फर्मॉय हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जेमतेम खेडं होतं. जॉन अँडरसन नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्यानं तिथली जमीन विकत घेतली, लष्कराला बराकीसाठी जागा देऊ केली, आणि पाहता पाहता शहर उभं राहिलं. खाटीक, पाववाला, घोड्यांना नाल ठोकणारा, धोबीण, दारूचं दुकान, सगळ्यांची पोटं बराकीवर. पुणे कॅम्प, अहमदनगरचं भिंगार, देवळाली, कामठी ही गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र सहज उभं राहील.

पण बराकीवर जगणाऱ्या सगळ्यांना बराकीनं जवळ केलं नाही. किल्डेअर परगण्यात करा नावाचं विस्तीर्ण माळरान आहे. तिथं आजही मेंढ्या चरतात आणि घोड्यांच्या शर्यती होतात. क्रिमियाच्या लढाईच्या निमित्तानं १८५५ मध्ये तिथं दहा हजार सैनिकांसाठी लाकडी छावणी उभारली. छावणीबाहेर, काटेरी झुडपांखाली ढोली करून काही बायका राहत. लोक त्यांना 'रेन' म्हणत, म्हणजे झुडपात घरटं करणारा एक चिमुकला पक्षी. कुणी सैनिकाच्या भरवशावर घर सोडलेल्या, कुणी दुष्काळात घरच उरलं नाही अशा, कुणी नुसत्याच टाकलेल्या. १८६७ मध्ये जेम्स ग्रीनवूड नावाचा लंडनचा बातमीदार त्यांच्यात जाऊन राहिला आणि त्यानं सगळं लिहून काढलं. एका ढोलीत अनेक जणी, मिळालेला पैसा एकत्र ठेवायचा, तरुणींनी संध्याकाळी छावणीकडे जायचं, थोरलींनी मागं राहून पोरं आणि चूल सांभाळायची. पावसात तर माणसाला उभंही राहता येणार नाही अशी ती जागा. गावातले लोक त्यांना दुकानात उभं करत नसत, आणि शेजारच्या गावात त्यांना मारहाण होई. सरकारनं त्यांच्यासाठी काही केलं असेल तर एवढंच, की १८६४ च्या गुप्तरोगांच्या कायद्यात करा छावणीचं नाव घातलं. म्हणजे बाईला धरून तपासायचं, सैनिकाला नाही. आपल्याकडच्या छावण्यांतल्या लाल बाजारांवरही याच सुमारास याच विचाराचे नियम लादले गेले. पलटणींच्या जाडजूड इतिहासांत या बायकांना एक ओळही मिळत नाही. त्या माळावर मी गेले तेव्हा छावणीपेक्षा मला ती झुडपं जास्त वेळ पाहावीशी वाटली.

आता खडकी. माझे वडील अॅम्युनिशन फॅक्टरीत होते आणि आमचं घर बाजाराच्या बाजूला. शाळेत आम्हाला लढाई शिकवली ती अशी : ५ नोव्हेंबर १८१७, बापू गोखल्यांचे घोडेस्वार, मोरोपंत दीक्षित पडले, बाजीराव पर्वतीवरून पाहत होते, आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. समोरच्या बाजूला कोण होतं? 'इंग्रज'. याहून जास्त ना बाईंनी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

समोर जी गोरी पलटण होती ती कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. लढाईच्या आधी जेमतेम आठवडाभर ती घाट चढून पुण्याला पोचली होती. तिचं मूळ थेट मुंबई बेटाच्या आंदणापर्यंत जातं. चार्ल्स राजाला लग्नात पोर्तुगीजांकडून मुंबई मिळाली, ती ताब्यात घ्यायला अब्राहम शिपमनबरोबर फौज निघाली, पोर्तुगीजांनी बेट द्यायला टाळाटाळ केली म्हणून ती कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली, आणि शिपमनसकट बहुतेक जण तिथंच रोगराईनं मेले. उरलेली मूठभर माणसं १६६५ मध्ये मुंबईत उतरली. १६६८ मध्ये बेट कंपनीला दिलं गेलं, तसे हे सैनिकही कंपनीकडे आले. त्यातून ही पलटण वाढली. १८५७ नंतर कंपनी गेली, पलटण राणीच्या फौजेत आली. आणि १८८१ मध्ये लंडनचे युद्धमंत्री ह्यू चिल्डर्स यांनी सगळ्या फौजेची फेरमांडणी केली तेव्हा हिला मद्रासच्या अशाच एका पलटणीला जोडून नवं नाव दिलं : रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स. तिचं भरतीचं ठाणं डब्लिनजवळच्या नेस गावात. टोपीवरच्या बिल्ल्यात वाघ आणि हत्ती. आणि लढायांच्या मानाच्या यादीत अर्काट, प्लासी, बक्सार यांच्या जोडीला 'खडकी' आणि होळकरांविरुद्धची 'महिदपूर'.

माझ्या गावाचं नाव डब्लिनच्या पलटणीच्या मानचिन्हांत आहे हे समजलं त्या दिवशी मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिले. अभिमान वाटण्याचा प्रश्नच नव्हता, पण नुसता राग म्हणावा तर तेही खरं नव्हतं. खडकीला लढले ते सगळे आयरिश होते असं मुळीच नाही. तेव्हा ती सरमिसळ गोऱ्यांची पलटण होती, आयरिश हे लेबल चौसष्ट वर्षांनी लागलं. पण नेसच्या मैदानात कवायत करणाऱ्या डब्लिनच्या गल्लीतल्या पोराच्या खांद्यावर आमचा पराभव त्याच्या पूर्वजांचा पराक्रम म्हणून ठेवला गेला, आणि त्याच्या स्वतःच्या देशाचा पराभव मात्र कुठल्याच निशाणावर नव्हता. साम्राज्याची ही युक्ती मला पलटणीच्या इतिहासातली सगळ्यात क्रूर गोष्ट वाटते. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट पॅट्रिक चर्च १८५० मध्ये उभं राहिलं ते या आयरिश कॅथलिक शिपायांसाठी. संताचं नाव पाहूनही ते तिथं कसं आलं असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

नेसच्या त्या ठाण्याला पुढे नाव मिळालं डेव्हॉय बराक. हा जॉन डेव्हॉय तिथून जवळच्याच किल गावचा. तरुणपणी फ्रान्सच्या परदेशी पलटणीत लढाई शिकून आला आणि १८६५ च्या सुमारास फेनियन या गुप्त आयरिश क्रांतिकारी संघटनेनं त्याला एकच काम दिलं : ब्रिटिश फौजेतले आयरिश सैनिक फोडायचे. दारूच्या दुकानांत, बराकींच्या दारांत बसून त्यानं हजारोंना शपथ दिली असं म्हणतात. १८६६ मध्ये पकडला गेला, पुढे अमेरिकेला गेला. त्यानं फोडलेल्या सैनिकांपैकी काही जण ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलच्या तुरुंगात सडत होते. त्यांना तो विसरला नाही. वर्गणी काढून त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी 'कटाल्पा' नावाचं देवमासे पकडणारं जहाज घेतलं आणि १८७६ मध्ये सहा जणांना सोडवून अमेरिकेला आणलं. या माणसाचं नाव त्या बराकीला देणाऱ्याला मी मनापासून दाद देते. बराक १९९८ मध्ये बंद झाली, आणि आज त्या जागेवर परगण्याच्या कौन्सिलची कचेरी आहे. खडकीचं नाव मिरवणाऱ्या पलटणीच्या अंगणात लोक आता घरांच्या अर्जांसाठी रांगेत उभे राहतात.

मग १९१४ आलं. दोन लाखांहून जास्त आयरिश माणसं त्या युद्धात गेली. काही पगारासाठी, काही साहसासाठी, आणि बरीचशी या भरवशावर की आता मदत केली की स्वराज्य मिळेल. आपल्याकडेही तेव्हा हाच भरवसा होता. २५ एप्रिल १९१५ ला गॅलिपोलीत 'रिव्हर क्लाइड' जहाजातून आणि उघड्या होड्यांतून डब्लिन आणि मन्स्टर फ्युसिलियर्स किनाऱ्याकडे गेले. तुर्कांच्या बंदुका वाटच पाहत होत्या. दोन्ही पलटणींतले इतके लोक गेले की उरलेल्यांची मिळून एक तुकडी करावी लागली. त्यांनीच तिला 'डब्स्टर्स' नाव दिलं.

बरोबर वर्षानं, १९१६ च्या ईस्टरच्या आठवड्यात, डब्लिनमध्ये उठाव झाला. कॉलिन्स बराकीच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर एका अन्नछत्राच्या इमारतीत शॉन ह्यूस्टन नावाचा पंचविशीचा तरुण थोड्या माणसांनिशी ठाण मांडून बसला. त्याच्यावर चालून गेले ते बराकीतले डब्लिन फ्युसिलियर्स. त्यांतला एक अधिकारी पहिल्याच दिवशी गोळी लागून पडला, आणि त्याचा धाकटा भाऊ बंडखोरांच्या बाजूला होता. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुलुकजवळ याच पलटणीच्या माणसांवर जर्मनांनी विषारी वायू सोडला, आणि आयरिश डिव्हिजनमधले पाचशेहून अधिक जण मेले. जर्मनांनी खंदकावर फलक लावले होते : तुमच्या देशात धुमश्चक्री चालली आहे, इंग्रजी तोफा तुमच्या बायकामुलांवर चालताहेत. मन्स्टरच्या माणसांनी रात्री सरपटत जाऊन ते फलक काढून आणले. तो मजकूर वाचताना त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला त्यांच्यापैकी एकालाही देशद्रोही म्हणवत नाही.

या सगळ्या गुंत्यातून चालत गेलेला एक माणूस आहे, एमेट डाल्टन. डब्लिनच्या ड्रमकोंड्रा भागात वाढलेला, विशीच्या आतच डब्लिन फ्युसिलियर्समध्ये अधिकारी. ९ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत गिन्शीला तो टॉम केटलच्या बरोबर होता. केटल म्हणजे माजी खासदार, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, कवी, आणि आयरिश स्वराज्याचा कट्टर पुरस्कर्ता. उठावाचे पुढारी हुतात्मे ठरतील आणि आपल्याला, कुणाला आठवण राहिलीच तर, एक ब्रिटिश अधिकारी म्हणून ओळखतील, हे केटलनं आधीच ओळखलं होतं. तो डाल्टनच्या डोळ्यांसमोर मेला. डाल्टनला त्या लढाईसाठी मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर तो घरी आला आणि ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीत गेला. आपल्या माणसाला माउंटजॉय तुरुंगातून सोडवायला तो जुना ब्रिटिश गणवेश चढवून आत शिरला होता. १९२२ मध्ये ब्रिटिशांशी केलेला करार मानायचा की नाही यावरून यादवी सुरू झाली तेव्हा ब्रिटिशांकडून आणलेल्या तोफा त्यानं आपल्याच जुन्या साथीदारांवर रोखल्या. आणि त्या ऑगस्टच्या २२ तारखेला बेल ना ब्लाहच्या वळणावर आयरिश सरकारचा सरसेनापती मायकेल कॉलिन्स, ज्याचं नाव रॉयल बराकीला मिळालं, त्याला गोळी लागली तेव्हाही शेजारी डाल्टनच होता. केटलचा मृत्यू आणि कॉलिन्सचा मृत्यू, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला. तेव्हा तो फक्त चोवीस वर्षांचा होता. पुढे फौज सोडून तो सिनेमाच्या धंद्यात गेला आणि ऐंशी वर्षं जगला. आयर्लंडच्या इतिहासात बाजू निवडायला सांगणाऱ्यांनी डाल्टनला कुठल्या रांगेत बसवायचं ते आधी ठरवावं.

डाल्टनसारखी निवड भारतातही झाली, पण तिची किंमत फार मोठी पडली. कॉनॉट रेंजर्स ही पश्चिमेकडच्या गरीब, दगडाळ परगण्यांची पलटण. ठाणं गॉलवेजवळ रेनमोरला. १९२० च्या उन्हाळ्यात तिची पहिली बटालियन पंजाबात होती. घरून पत्रं येत होती : ब्लॅक अँड टॅन्स, म्हणजे ब्रिटिशांनी आणलेले जादा पोलीस, गावं जाळताहेत. २८ जूनला जालंधरच्या वेलिंग्टन बराकीत जो हॉज आणि त्याचे काही साथीदार गार्डरूममध्ये गेले आणि म्हणाले, आम्हाला कोंडून ठेवा, आम्ही यापुढे हुकूम पाळणार नाही. बघता बघता शेकडो जण त्यांच्यात सामील झाले. बाजारातून कापड आणून हिरवा, पांढरा, नारिंगी झेंडा शिवला गेला. जालियनवाला बागेला तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते आणि अमृतसर तिथून फार लांब नाही. इंग्रज आपल्या घरी जे करताहेत तेच आपण इथल्या लोकांना करतो आहोत, हा विचार आपल्या मनात होता, असं त्यांच्यातल्या काहींनी नंतर सांगितलं.

बातमी सोलनच्या डोंगरी ठाण्यात पोचली. तिथं जेम्स डॅली नावाचा वीस वर्षांचा शिपाई पुढे झाला. रात्री त्यांनी संगिनी घेऊन दारूगोळ्याच्या कोठारावर चाल केली. पहारेकऱ्यांच्या गोळीबारात पीटर सिअर्स आणि पॅट्रिक स्माइथ मेले. कोर्टमार्शलनं अनेकांना मृत्युदंड सुनावला, एकाखेरीज सगळ्यांचा कमी झाला. २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईच्या तुरुंगात डॅलीला गोळ्या घातल्या. बंडासाठी देहान्त दिलेला ब्रिटिश फौजेतला तो शेवटचा शिपाई. तुरुंगात गेलेले बाकीचे १९२३ मध्ये सुटले. १९३६ मध्ये आयर्लंडनं खास कायदा करून त्यांना पेन्शन दिली. डॅली, सिअर्स आणि स्माइथ यांचे अवशेष १९७० मध्ये मायदेशी नेले. डॅली आता वेस्टमीथमधल्या टिरेल्सपास गावात आहे. सिमल्याच्या वाटेवर दगशाई लागतं. आपल्याकडचे लोक तिथं हवा खायला जातात. गेलात तर त्या तुरुंगात जरूर जा.

१९२२ मध्ये करारामुळे दक्षिण आयर्लंड ब्रिटिशांच्या हातून सुटलं आणि सगळं एकदम आवरलं गेलं. जानेवारीअखेर डब्लिनची बेगर्स बुश बराक आयरिश सरकारच्या ताब्यात आली. ती पहिली. १६ मेला करा छावणी. १७ डिसेंबरला रॉयल बराकीतून शेवटची ब्रिटिश तुकडी गोदीकडे निघून गेली. मध्यंतरी, १२ जूनला, दक्षिण आयर्लंडच्या पाच पायदळ पलटणींनी विंडसरच्या किल्ल्यात जाऊन आपली निशाणं पंचम जॉर्जच्या हवाली केली : रॉयल आयरिश, कॉनॉट रेंजर्स, लीन्स्टर, मन्स्टर आणि डब्लिन. त्यांतली काही नावं तर तेव्हा अडीचशे वर्षांहून जुन्या फौजेची वारस. जुलैअखेर त्या सगळ्या कागदावरूनही गेल्या.

बराकींना नवी नावं मिळाली. करा छावणीतल्या सात बराकींना १९१६ च्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सात जणांची. अॅथलोनच्या बराकीला सार्जंट कस्ट्यूमचं. १६९१ च्या वेढ्यात गोळ्यांच्या वर्षावात पुलाच्या फळ्या उचकटत मेलेला हा साधा सार्जंट मला या सगळ्या नावांत जास्त आवडतो, कारण बराकीवर सेनापतींची नावं सगळीकडे असतात, सार्जंटचं क्वचित. डब्लिनमधली मार्लबरो बराक मकी बराक झाली. लाल विटांची, बुरूज-मनोऱ्यांची ही इमारत मुळात हिंदुस्थानात बांधायची होती, नकाशांची अदलाबदल झाली, असं लोक सांगतात. तशी अदलाबदल झालेली नाही, पण गोष्ट मात्र मरत नाही. गॉलवेच्या रेनमोर बराकीला लिअम मेलोजचं नाव मिळालं. कॉनॉट रेंजर्सच्या त्या मैदानावर आज आयरिश भाषेत हुकूम दिले जातात, आणि तिथल्या छोट्या संग्रहालयात रेंजर्सच्या वस्तूही जपल्या आहेत. दोन्ही एकाच छपराखाली. इतर बराकींनी हे पाहून घ्यावं.

बेगर्स बुशबद्दल एक सांगायलाच हवं. तिथं २४ नोव्हेंबर १९२२ ला, म्हणजे ताबा मिळून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, आयरिश सरकारनंच एर्स्किन चिल्डर्सला गोळ्या घातल्या. पूर्वी ब्रिटिश फौजेतून बोअर युद्धात लढलेला, मग १९१४ मध्ये स्वतःच्या 'असगार्ड' नौकेतून आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका आणणारा, आणि शेवटी करार न मानणाऱ्यांच्या बाजूला गेलेला. ज्या युद्धमंत्र्यानं मुंबई-मद्रासच्या पलटणींना डब्लिनचं नाव दिलं, त्याच कुटुंबातला. त्यानं गोळ्या झाडणाऱ्यांशी हस्तांदोलन केलं आणि मग भिंतीपाशी उभा राहिला. त्याची नौका आज कॉलिन्स बराकीत ठेवली आहे, आणि त्याचा मुलगा १९७३ मध्ये या देशाचा राष्ट्रपती झाला.

फौजेतून परतलेल्यांचं पुढे काय झालं, यावर इथले लोक फार दिवस बोलले नाहीत. काहींना डब्लिनच्या किलेस्टर भागात घरं मिळाली, काहींना नोकऱ्या मिळाल्या नाहीत, काहींना त्यांच्या जुन्या गणवेशापायी मारलं गेलं. आयलंडब्रिजला नदीकाठी एक स्मारकबाग आहे. आराखडा एडविन ल्यूटेन्सचा, दिल्लीचं इंडिया गेट ज्यानं केलं त्याचाच. १९३० च्या दशकात ती बांधताना अर्धे मजूर ब्रिटिश फौजेतले माजी सैनिक आणि अर्धे आयरिश फौजेतले, असं मुद्दाम ठरवलं होतं. बाग तयार झाली आणि मग तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. तण माजलं, दगड निखळले, घोडी चरू लागली. १९८८ मध्ये ती पुन्हा नीट केली गेली. आता तिथं गुलाब फुलतात आणि लोक आपल्या पणजोबांची नावं शोधायला येतात.

मागच्या उन्हाळ्यात मुलीबरोबर मी बर गावाला गेले. गावाबाहेर क्रिंकिल म्हणून वस्ती आहे, तिथं लीन्स्टर पलटणीची प्रचंड बराक होती. जुलै १९२२ मध्ये करारविरोधी सैन्यानं माघार घेताना ती जाळली. आता उरली आहे ती मुख्यतः भिंत. तिथं एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांचे पणजोबा लीन्स्टरमध्ये होते. मी कुठली हे विचारल्यावर म्हणाले, "आमच्या पलटणीच्या मानचिन्हांत 'मध्य भारत' आहे. ते नेमकं कुठं हो? तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं. लीन्स्टरचा अर्धा भाग म्हणजे कंपनीची तिसरी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या हुकमावरून ती शिड्या लावून झाशीच्या तटावर चढली. आत शिरल्यावर शहरात काय झालं ते आपल्याला एका मराठी माणसानं सांगून ठेवलं आहे. वरसईचे गोडसे भटजी तेव्हा झाशीत होते, लपून जीव वाचवला, आणि पुढे म्हातारपणी सगळं लिहिलं : घराघरांत शिरून केलेली कत्तल, लूट, विहिरीत उड्या घेणारी माणसं, रस्त्यात पडलेली प्रेतं. मी त्या गृहस्थांना हे सौम्य करून सांगितलं नाही. राणी आमच्याच भाषेची, माहेरची तांबे, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मध्ये दोनदा नावं परत विचारून घेतली, आणि म्हणाले की त्यांच्याकडे पलटणीबद्दल पुस्तकं पुष्कळ आहेत, पण तटाच्या आतल्या बाजूच्या माणसाचं त्यांनी कधी काही वाचलेलं नाही. भटजींनी लिहिलेल्यातला तेवढा भाग आणि खडकीची आमची बाजू इंग्रजीत लिहून पाठवायचं मी कबूल केलं आहे. ते काम अजून व्हायचं आहे. त्याआधी हे मराठीत लिहून काढलं, कारण आपल्याकडेही तटाच्या बाहेरच्या माणसाबद्दल कुणी फारसं विचारत नाही.